अमेरिकेत म्हातारं होताना : पन्नाशीपासून करायची कामं

‘रिटायर झाल्यावर बघू, पुण्याला जायचं की इथेच राहायचं’ हे वाक्य अमेरिकेतल्या मराठी घरांत वीस-पंचवीस वर्षं आरामात टिकतं. नियम मात्र तोवर थांबत नाहीत. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, त्याची नोंदणी पासष्टीला सात महिन्यांच्या मुदतीत करावी लागते. भारतातला आरोग्यविमा जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत ताटकळत ठेवू शकतो. आणि मुखत्यारपत्रावर सही करायची तर समज शाबूत असतानाच करावी लागते. कुठे राहायचं हा निर्णय खुशाल लांबवा, पण दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तर दोन्हींची कागदपत्रं वेळेत करावी लागतात. न ठरवता आणि न करता राहणं हा सगळ्यांत महागडा पर्याय.

पुढचं लिखाण दोन पिढ्यांसाठी आहे : नोकरीसाठी आलेले आणि आता पन्नाशी-साठीत पोचलेले, आणि त्यांनी ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले आईवडील. वर्षागणिक बदलणाऱ्या आकड्यांसोबत वर्ष दिलं आहे.

सोशल सिक्युरिटी : आधी क्रेडिट मोजा

सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, तिच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा आणि वर्षवार कमाईचा तक्ता उतरवून घ्या. पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं काम. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलर कमाई पुरत होती. म्हणजे वर्षभरात ७,२४० डॉलर मिळवले की त्या वर्षाची चारही क्रेडिट जमा. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे भारतातली पीएफची वर्षं इथे जोडता येत नाहीत. ३६ क्रेडिटवर कायमचं परत गेलात तर भरलेला कर गेला, पेन्शन शून्य. अशा वेळी एक वर्ष अर्धवेळ काम करून आकडा पुरा करणं जगातल्या कुठल्याही गुंतवणुकीपेक्षा फायद्याचं आहे.

रक्कम ठरते ती सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवर. पस्तिशीत आलेल्या माणसाची ३५ वर्षं बहुधा भरतच नाहीत आणि रिकामी वर्षं शून्य म्हणून धरली जातात. त्यामुळे ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याच्या अंदाजावरून आपला हिशेब करू नका. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण पेन्शनचं वय ६७. बासष्टीला सुरू केलं तर ३० टक्के कमी, सत्तरीपर्यंत थांबलात तर २४ टक्के जास्त, तेही आयुष्यभर.

नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या एच-४ व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसावं लागलेल्या बायकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. स्वतःची क्रेडिट नसली तरी नवऱ्याच्या पूर्ण पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम तुम्हाला मिळू शकते, आणि त्यासाठी नवऱ्याची रक्कम कापली जात नाही. घटस्फोट झाला असला तरी लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल तर हा हक्क सहसा राहतो, पुन्हा लग्न केलं तर मात्र जातो.

अमेरिकन नागरिकाला हे पैसे भारतात राहूनही मिळतात. ग्रीन कार्डवाल्यांना किंवा कार्ड सोडून दिलेल्यांना सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर वेगळे नियम लागू होतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर परदेशी पेमेंटची तपासणी करून घ्या. जोडीदाराच्या नावावर मिळणाऱ्या रकमेसाठी अटी आणखी कडक असतात.

मेडिकेअर : इथे चूक केली तर जन्मभर भरावी लागते

पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, एवढी नोंदणीची मुदत. तुमची किंवा जोडीदाराची ४० क्रेडिट असतील तर पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, हप्त्याशिवाय मिळतो. पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या, यांचा हप्ता २०२५ साली महिना १८५ डॉलर होता. पार्ट बी वेळेत घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढीव हप्ता शेवटपर्यंत चालू राहतो.

नोकरी चालू आहे आणि कंपनीत २० किंवा अधिक कर्मचारी आहेत, तर पार्ट बी थांबवता येतो. नोकरी सुटली की आठ महिन्यांत घ्यायचा. लोक अडकतात ते इथे : नोकरी सुटल्यावर कोब्रा कायद्याखाली कंपनीचा जुनाच विमा चालू ठेवला की वाटतं अजून आपण संरक्षित आहोत. कोब्रा हा नोकरीचा विमा धरला जात नाही. आठ महिन्यांचं घड्याळ चालूच राहतं आणि दीड वर्षानं कोब्रा संपल्यावर कळतं की मुदत हुकली. दुसरी चूक एचएसएची, म्हणजे उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्याची. पासष्टीनंतर मेडिकेअर घेताना पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेनं लागू होतो, म्हणून एचएसएमध्ये पैसे टाकणं सहा महिने आधीच बंद करा, नाहीतर त्या रकमेवर दंड बसतो.

पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरमधून उरलेला खर्च भरणारा खासगी पूरक विमा, विकणारी कंपनी तुम्हाला आजारांवरून नाकारू शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत नाकारू शकते. मधुमेह आणि स्टेंट हे आपल्याकडे घरोघरचे पाहुणे, त्यामुळे हे सहा महिने दवडू नयेत. मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीकडून घ्यायच्या ॲडव्हान्टेज योजना हप्त्याला स्वस्त दिसतात, पण त्या ठरावीक डॉक्टरांपुरत्या आणि बऱ्याचदा जिल्ह्यापुरत्या असतात. हिवाळ्यात चार महिने मुलीकडे टेक्सासला आणि बाकीचे न्यू जर्सीत, असं आयुष्य असेल तर मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप हीच जोडी सोयीची.

भारतात मेडिकेअर चालत नाही. मेडिगॅपच्या काही योजनांत, उदाहरणार्थ प्लॅन जी आणि एन, परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के मिळतात. पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच, २५० डॉलर स्वतः भरल्यावर, आणि जन्मभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. तीन महिन्यांच्या भारतवारीला वेगळा प्रवासविमा घ्यावाच लागतो.

पुण्यातला फ्लॅट विकण्याचं वर्षही मेडिकेअरशी बांधलेलं आहे. दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहून पार्ट बीचा हप्ता ठरतो. २०२५ साली एकट्याचं उत्पन्न १,०६,००० किंवा जोडप्याचं २,१२,००० डॉलरच्या वर असेल तर हप्ता चढत होता. फ्लॅटचा नफा अमेरिकन विवरणपत्रात येतो, आणि मालमत्ता स्वखुशीनं विकली हे कारण हप्ता कमी करून घेण्याच्या अर्जात चालत नाही. जमलं तर विक्री त्रेसष्टाव्या वर्षाच्या आत उरका. भारतात खरेदीदारानं तुमच्या नफ्यावर नव्हे, तर पूर्ण किमतीवर टीडीएस कापण्याचा धोका असतो. करार नोंदवण्याआधी सीएमार्फत आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र काढून घ्या. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते.

मेडिकेअर ज्याचे पैसे देत नाही

आंघोळ घालणं, भरवणं, रात्री सोबत बसणं, म्हणजे म्हातारपणी खरं लागतं ते, मेडिकेअरमध्ये नाही. नर्सिंग होममध्ये मिळतात ते जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातल्या पहिल्या २० दिवसांचाच पूर्ण खर्च मेडिकेअर देतं, आणि तेही फिजिओथेरपी किंवा नर्सिंगची गरज असेल तर. मूळ मेडिकेअरमध्ये त्यासाठी आधी हॉस्पिटलात सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून दाखल असावं लागतं. हॉस्पिटलच्याच खाटेवर, तेच सलाईन लावून, पण ‘ऑब्झर्व्हेशन’ म्हणून ठेवलं असेल तर ते दिवस धरत नाहीत. पहिल्याच दिवशी विचारा : ॲडमिट केलंय की ऑब्झर्व्हेशन? डॉक्टरला बदल करायला सांगायचं असेल तर घरी सोडण्याआधीच सांगावं लागतं.

दीर्घकालीन देखभालीचा विमा पन्नाशीत पाहावा. साठीनंतर नकार वाढतात आणि हप्ताही. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, हा शेवटचा आधार, पण तो मिळवण्यासाठी मालमत्ता जवळपास संपलेली असावी लागते आणि मागच्या पाच वर्षांत मुलांना दिलेल्या रकमा तपासल्या जातात. भारतातला फ्लॅट आणि मुदतठेवीही त्यात मोजतात. ‘तिकडचं त्यांना काय कळणार’ हा सल्ला देणाऱ्या परिचितापासून चार हात लांब राहा. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरणं तसंही सक्तीचं आहे. त्यात आईच्या बँकखात्यावर सोयीसाठी लावलेलं तुमचं दुसरं नावही धरलं जातं.

ग्रीन कार्डावर आलेले आईवडील

आईवडिलांना बोलावताना मुलगा किंवा मुलगी आय-८६४ वर सही करते, म्हणजे त्यांच्या चरितार्थाची कायदेशीर हमी देते. ही हमी ते नागरिक होईपर्यंत, ४० क्रेडिट पुरी होईपर्यंत, रहिवास सोडून कायमचे देशाबाहेर जाईपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत टिकते. घटस्फोटानं किंवा भावंडांतल्या भांडणानं ती संपत नाही.

क्रेडिट नसलेल्या आईवडिलांना मेडिकेअर विकत घ्यावं लागतं, तेही ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यानंतर. २०२५ साली पार्ट ए ५१८ आणि पार्ट बी १८५, म्हणजे माणशी महिना ७०३ डॉलर. तोपर्यंत काय? सरकारी मार्केटप्लेसवरचा विमा. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज केला तर वर्षाच्या मध्येही मिळतो, आणि जुन्या आजारांवरून नाकारता येत नाही. हप्त्यात वयाचा हिशेब ६४ ला थांबतो, त्यामुळे ऐंशीच्या आजींनाही तोच दर. तुम्ही त्यांना करासाठी अवलंबित दाखवलंत तर अनुदान ठरवताना तुमचं उत्पन्न धरतात. पाच वर्षांच्या थांब्यातल्या आणि दारिद्र्यरेषेखाली उत्पन्न दाखवणाऱ्यांचं अनुदान २०२६ पासून बंद झालं आहे. पाहुण्यांसाठीचा ‘व्हिजिटर’ विमा चालू ठेवून भागवणं हा धोक्याचा खेळ आहे. त्यात जुना आजार एकतर वगळलेला असतो किंवा फक्त अचानक बळावल्यास, ठरावीक रकमेपर्यंत.

सहा महिने इथे, सहा महिने तिथे, ही बऱ्याच आजी-आजोबांची पद्धत. एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठीचा सलग रहिवास तुटल्याचं गृहीत धरतात. एक वर्षाच्या वर जायचं असेल तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच आय-१३१ भरून री-एंट्री परमिट मागा. ते साधारण दोन वर्षांचं असतं. फेऱ्या सहा महिन्यांच्या आत ठेवल्या तरी बहुतेक काळ भारतातच जात असेल, तर विमानतळावरचा अधिकारी रहिवासाबद्दल विचारू शकतो.

पासष्टी उलटली की नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजी माफ होतं, हा समज अर्धवट आहे. माफीसाठी ग्रीन कार्डाची वर्षंही लागतात : पन्नाशीच्या वर २० वर्षं किंवा पंचावन्नच्या वर १५. मग नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषा घेऊन मराठीत देता येते. ६५ वय आणि २० वर्षं असतील तर अभ्यासाला फक्त २० प्रश्न. सत्तरीत अमेरिकेत आलेल्यांना ग्रीन कार्डाची पंधरा वर्षं होईपर्यंत यांतली कुठलीच सवलत लागू होत नाही. स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघातामुळे शिकणं शक्य नसेल तर डॉक्टर एन-६४८ हा माफीचा फॉर्म भरून देतो. त्यात ‘वय झालं’ हे कारण चालत नाही. नेमका आजार, तो कसा तपासला आणि त्यामुळे काय शिकता येत नाही, हे लिहावं लागतं.

नावांचा घोळ आधी सोडवा

आपल्या कागदपत्रांत एक खास मराठी अडचण असते. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर पहिलं नावही बदललेलं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं, आणि जन्मदाखला मुळातच नाही. शाळा सोडल्याचा दाखला एका नावानं, सातबारा दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. भारतवारीत एक आठवडा यासाठीच ठेवा. ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, विवाहनोंदणीचा दाखला आणि ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. मूळ गावातला ओळखीचा माणूस हयात आहे तोवर हे होतं, नंतर वकिलाच्या फीवर जातं.

दोन देश, दोन मुखत्यारपत्रं, दोन मृत्युपत्रं

अमेरिकेत तीन कागद लागतात : पैशांसाठी ‘ड्युरेबल’, म्हणजे समज गेल्यावरही चालणारं, मुखत्यारपत्र, उपचारांचे निर्णय घेणाऱ्याची नेमणूक, आणि डॉक्टरांनी माहिती कुणाला द्यावी याची हिपा संमती. उपचारांसाठी एकच नाव पुढे ठेवा, दुसरं पर्यायी. दोन मुलांना मिळून नेमलं की आयसीयूच्या दारात दोन मतं उभी राहतात. व्हेंटिलेटर, नळीनं अन्न, हृदय बंद पडल्यावरचे प्रयत्न, यांबद्दल इच्छा स्पष्ट लिहा. ‘देवाच्या मनात असेल तसं’ हे डॉक्टरला उपयोगाचं नाही.

भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं मुखत्यारपत्र करा. नोटरी, मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, आणि महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क. ही शेवटची पायरी विसरली की दुय्यम निबंधक कागद परत करतो. अमेरिकन ‘ड्युरेबल’ हा गुण भारतात चालत नाही, हेही जाणून असा. भारतीय करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते. म्हणून ज्या फ्लॅटची व्यवस्था लावायची, ती विस्मरण सुरू होण्याआधी. भावाच्या हातात मुखत्यारपत्र आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

मृत्युपत्रंही दोन. अमेरिकन वकिलाच्या नमुन्यात पहिलंच वाक्य बहुधा ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं असतं. त्या एका ओळीनं पुण्यात केलेलं मृत्युपत्र बाद होऊ शकतं. दोन्हींत स्पष्ट लिहा की हे फक्त त्या त्या देशातल्या मालमत्तेपुरतं. भारतातल्याला दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. याउलट ४०१-के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांवर लिहिलेलं लाभार्थीचं नाव मृत्युपत्राहून वरचढ ठरतं. तिथे अजून आईचं नाव असेल तर आजच बदला, आणि बायकोची संमती लागते का तेही पाहा.

परत जायचं ठरवत असाल तर

परतण्याच्या किमान तीन वर्षं आधी भारतात आरोग्यविमा घ्या. जुन्या आजारांसाठी थांबायची कमाल मुदत २०२४ पासून तीन वर्षं आहे, आणि ती तुम्ही अमेरिकेत असतानाच सरते. पासष्टीनंतर विमा घ्यायला वयाची आडकाठी आता नियमानं नाही, हप्ता मात्र जबर असतो. ओसीआयधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकाला, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं येऊ शकते. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट मिळाल्यावर एकदा त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. बरेच जण हे विसरतात.

पार्ट बी चालू ठेवायचा का? ‘काही गंभीर झालं तर अमेरिकेत येऊ’ असं म्हणणाऱ्यांनी हप्ता भरत राहावं. सहासष्टाव्या वर्षी सोडून आठ वर्षांनी परतलात तर हप्ता ८० टक्क्यांनी वाढलेला मिळेल आणि नोंदणीही जानेवारी ते मार्चमध्येच होईल. कॅन्सरचं निदान जूनमध्ये झालं तर ते महिने मोकळे जातात.

ग्रीन कार्ड सोडून जाणाऱ्यांसाठी एक छुपा खड्डा. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या आणि तिथे कायमचा न राहणाऱ्या माणसाच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या मालमत्तेपैकी फक्त ६०,००० डॉलर वारसा करातून सुटतात. वरच्या रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकन कंपन्यांचे शेअर आणि ४०१-के त्यात येतात, बँकेतली साधी ठेव सहसा येत नाही. भारताशी या करासंबंधी करार नाही. विमानात बसण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला एकदा फी मोजा.

इथेच राहायचं असेल तर

घर आधी, मग बाकी. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि शॉवर असलेलं घर साठीत पाहा, खुबा मोडल्यावर नव्हे. बाथरूममध्ये आधाराचे दांडे ३३ ते ३६ इंच उंचीवर, भिंतीतल्या लाकडी खांबात स्क्रूनं बसवा. चिकटणारे रबरी दांडे नेमक्या वेळी निसटतात. टबची कड ओलांडणं सगळ्यांत घातक. टबच्या कडेवरून सरकत आत जायचा बाक, म्हणजे ट्रान्स्फर बेंच, आणि हातात धरायचा शॉवर लावा. बादली-तांब्याची सवय असेल तर बेंचवर बसून तीही चालते. गिझरचं तापमान १२० फॅरनहाइटच्या वर नको.

गाडी सुटली की उपनगरातला माणूस घरात कैद होतो. घर घेताना पायी जाता येईल असं दुकान, वाचनालय किंवा मंदिर आहे का ते पाहा. न्यू जर्सीच्या एडिसन-आयसेलिन भागात भारतीय जेवण देणारी ॲडल्ट डे केअर आहेत, फ्लोरिडात टवारेसला शांतिनिकेतन ही भारतीयांची निवृत्तांची वसाहत आहे. पण ती स्वतंत्र राहू शकणाऱ्यांसाठी, नर्सिंग होम नव्हे. तुमच्या भागातल्या सेवा शोधायला एल्डरकेअर लोकेटर १-८००-६७७-१११६, आणि मेडिकेअरचा मोफत, विमा न विकणारा सल्ला राज्याच्या शिप (SHIP) या सरकारी कार्यक्रमाकडून.

स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. चाळीस वर्षं इंग्रजीत काम केलेला माणूस नर्सशी मराठीत बोलू लागतो आणि चार्टवर ‘गोंधळलेला’ अशी नोंद होते. हॉस्पिटलनं दुभाषा मोफत द्यायचा असतो. फोनवरचा चालतो. ‘इंडियन’ किंवा ‘हिंदी’ नव्हे, ‘मराठी’ असं नोंदवून घ्या आणि नातवंडांना दुभाषा करू नका. आजीला काय झालंय हे बारा वर्षांच्या मुलानं सांगायचं नसतं, आणि ते ती त्याला नीट सांगणारही नाही. खाटेशेजारी इंग्रजीत एक पान लावा : हाक कशी मारायची, दात कवळीचे की खरे, कान कोणता ऐकतो, अंडं चालतं का, वरण-भात मऊ करून, चहा किती वाजता, आणि दहा शब्द रोमन लिपीत, म्हणजे दुखतंय, पाणी, लघवी, भूक, थंडी. नर्स ते वापरतात.

शेवटची कामं

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती दहा-बारा मागवा. विमा, बँक, ४०१-के, घराचे कागद, प्रत्येकजण मूळ प्रत मागतो. भारतात वापरायच्या दोन प्रतींवर त्याच राज्याचं अपोस्टील करून घ्या. दहन बघायचं असेल, बटण मुलानं दाबायचं असेल, तर फ्युनरल होमला ठरवतानाच ‘विटनेस क्रिमेशन’ सांगा. भटजींना किती वेळ मिळेल आणि आत निरांजन लावता येईल का, हेही तेव्हाच. अस्थी विमानातून नेताना कलश धातूचा नको, क्ष-किरणांत आतलं दिसलं पाहिजे. सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं पत्र ठेवा. मृत व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर पासपोर्ट रद्द करून घेण्याचं कामही त्याच फेरीत होतं.